उठलं की फाउल

शेंडगे बाईंनी घरची जुनी साडी दोन खांबांना बांधून बुटकं नेट केलं. "बसून व्हॉलीबॉल. ढुंगण उचललं की फाउल!" त्या शब्दावरच सातवीचा वर्ग हसून लोळला.

अधू पायाला आधाराचं कॅलिपर लावणारी हर्षाली आज कॅप्टन होती. बसल्या बसल्या सरकण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. शेवटचा पॉइंट उरला, चेंडू उंच उडाला, आणि नेमके हेडसर मैदानात आले.

समोरची अख्खी टीम सवयीने उभी राहिली. "एऽऽक साथ नमस्तेऽऽ!"

"फाउल! आम्ही जिंकलो!" हर्षाली किंचाळली. तिची टीम बसूनच नाचू लागली.

"मी आलो तरी उठत नाही तुम्ही?" हेडसर गरजले.

"उठलं की पॉइंट जातो ना, सर!" हर्षाली म्हणाली.

हेडसरांनी साडीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हरलेल्यांच्या बाजूला फतकल मारून बसले. पहिलाच चेंडू त्यांनी पलीकडे हाणला आणि आनंदाने टुणकन उभे राहिले.

वर्गात रोज ते "बसा" म्हणत, तेव्हा आधीच बसलेली असायची ती एकटी हर्षाली. आज तीच ओरडली, "सर, बसा खाली!"