गुलाबी छटा

ब्युरेटच्या तोटीतून अल्कलीचा एकेक थेंब आम्लात पडत होता आणि घैसास मॅडमचे कान मुलांकडे लागले होते. फ्लास्कमध्ये गुलाबी छटा उतरली की दरवर्षी पुढच्या रांगेतून हमखास गलका उठायचा, "आला, आला!" त्यासरशी मॅडम तोटी बंद करायच्या. त्यांच्या डोळ्यांना रंग कळेनासे झालेत, ही गोष्ट त्या गलक्यानेच आजवर झाकली होती.

यंदाची मुलं मात्र चिडीचूप होती. थेंब पडतच राहिले. शेवटी मॅडमनी अंदाजानेच तोटी फिरवली.

फळ्यावर आम्लाचं इक्विव्हॅलंट वेट बेचाळीस आलं. यायला हवं होतं त्रेसष्ट; थेंब फारच जास्त पडले होते.

"मॅडम, गुलाबी तर केव्हाच झालं होतं," पुढची मुलगी चाचरत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बघत होतात ना."

मॅडमनी घाईघाईने टेबलावरचा फ्लास्क उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "खरंच की! चांगलंच गुलाबी झालंय."

"मॅडम," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तो नुसत्या पाण्याचा आहे."

वर्गात कोणीही हसलं नाही.