अर्धलीचा कागद

गुरम्माची लेक दाक्षायणी मेडिकलच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाल्याचं कळलं, आणि तिसऱ्या दिवशी आडते अण्णाराव दुधनीहून एसटीनं सोलापुरात येऊन गुरम्माच्या दारात उभे राहिले. लेकीच्या मेडिकल कॉलेजसाठी चार हजार रुपये त्यांनीच व्याजानं दिले होते. गुरम्मानं घाईघाईनं शेणाचे हात धुतले, घोंगडं अंथरलं.

अण्णाराव रागावलेले नव्हते. त्यांनी खिशातून नवा स्टँपपेपर काढला.

“जुनं कर्ज फाडून टाकू. मुद्दल न्हाय, व्याज न्हाय. पोरगी डॉक्टर झाली की धा वर्सं कमाईत अर्धा वाटा माझा. न्हाय झाली, तर माझं बुडालं. तुमच्याकडं एक पैसा मागणार न्हाय.”

गुरम्माचा जीव भांड्यात पडला. “कर गं सही. अर्धलीच की ही. जनावर मालकाचं, सांभाळायचं आपण, फायदा निम्मा-निम्मा. बहात्तरच्या दुष्काळात अर्धलीवरची म्हैस चाऱ्याविना मेली, ती मालकाची मेली. मला कुनी काय मागितलं न्हाय. तीच कर्जानं घेतली असती, तर आज हे घर तरी ऱ्हायलं असतं का?”

“म्हशीला कुणी विचारलं होतं का, अव्वा, अर्धली पटतीय का म्हणून?”

दाक्षायणीनं आईला विचारलं. ती भिंतीला टेकून उभी होती. यादीत आपला नंबर नाही हे बघून ती कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडली, तेव्हापासून ते चार हजार तिच्या उरावर बसले होते. आता एका सहीत उतरणार होते.

“काका, दवाखाना कुठं काढायचा मी?”

“दुधनीतच की. माझ्या आडतीच्या वरच्या खोल्या मोकळ्या हायत.”

“आणि लग्न?”

“मला विचारून कर म्हंजे झालं. नवरा लांब घेऊन गेला, तर मी माझा वाटा कुटं हुडकू?”

“एखाद्या गरिबाला फुकट तपासलं तर?”

“त्यातलं अर्धं फुकट माझ्या खिशातनं जातंय, बाई.” अण्णाराव हसले. मग हळू आवाजात म्हणाले, “तुझ्यावर भरवसा हाय म्हणून वाटा मागतोय. नसता, तर व्याजच बरं होतं की.”

हे मात्र खरं होतं. नापास झाल्यापासून तिच्यावर भरवसा आहे असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. दाक्षायणी पुढे झाली. तिनं कागद उचलला, पुरता वाचला, आणि घडी घालून त्यांच्या हातात परत ठेवला.

“कर्ज राहू द्या.”

“परत नापास झालीस तर?”

“तर कुणाच्या तरी दवाखान्यात फरशी पुसेन आणि फेडेन. फेडलं की मी मोकळी. तुमच्या कागदात मी पास झाले की अडकते.”

“पुढच्या परीक्षेपतूर सा म्हैन्यांचं व्याज वाढंल.”

“वाढू द्या.”

अण्णाराव पायरीवर घटकाभर थांबले. मागून हाक येईल असं त्यांना वाटलं असावं. आली नाही.

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले, तशी दाक्षायणीनं ट्रंक उघडली. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं अभ्यासाचं मांडीचं हाड काढलं आणि भर दुपारी उंबऱ्यातच पुस्तक उघडून बसली. समोरच्या घरातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

गुरम्मा चुलीपाशी कितीतरी वेळ पुटपुटत होती. मग उठून लेकीसमोर येऊन बसली. ज्याला ती आजवर शिवली नव्हती, ते हाड तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या गोल टोकावर बोट टेकवलं.

“सांग, ह्येला काय म्हणत्यात? चुकलीस तर मला कळायचं न्हाय. पर सांग.”