ओळखीचं कुणी नको

दारू सोडणाऱ्यांची ही तिसरी मीटिंग तरी बरी निघू दे, असं मनाशी म्हणत सलूनवाला जिना चढला.

पहिलीला तो दारातूनच परत फिरला होता. पुढच्याच रांगेत त्याचं रोजचं दाढीचं गिऱ्हाईक बसलेलं, आणि त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या ठिकाणी सगळे बडे साहेब. एकजण घड्याळाकडे बघत बघत आपली दारूची कहाणी सांगत होता. तिथं तोंड उघडायची याला लाजच वाटली. ओळखीचं कुणी नको, अगदीच परकंही कुणी नको. अशी मीटिंग सापडणार कुठं? पण शोधायला तर हवीच होती. गेल्या आठवड्यात एकाच्या कानामागे त्याचा वस्तरा घसरला. रक्त थेंबभरच आलं, पण आरशात स्वतःचा थरथरणारा हात दिसला आणि त्याची पाचावर धारण बसली. म्हणून आज दोन बस बदलून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सायकलच्या दुकानावरच्या या हॉलमध्ये आला होता.

मीटिंग सुरू झाली होती. तो मागच्या रांगेत अंग चोरून बसला. समोर नुसत्या पाठी. उभा जन्म लोकांच्या माना बघण्यात गेलेला; एकवेळ चेहरा विसरेल, पण मान विसरायचा नाही. तो एकेक मान न्याहाळू लागला. ही अनोळखी. तीही अनोळखी. पलीकडचा टकल्या तर कुठल्याच सलूनच्या उपयोगाचा नाही. त्याला हायसं वाटलं. आज आपण बोलायचं, त्यानं ठरवून टाकलं.

मग दुसऱ्या रांगेतली मान दिसली.

डोक्यावर दोन भोवरे. मानेवर आखूड कापलेले केस, डावीकडे जरा तिरपे. ते तिरपे केस परवाच त्यानं गॅलरीत स्टुलावर बसवून कापले होते. "बाबा, हात का हलतोय?" असं तिनं विचारलं, तेव्हा "तूच हलतेयस" म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

त्याची मुलगी. या वेळी ती अकाउंटच्या क्लासला असते.

असेल कुणीतरी तिच्यासारखी, असं तो स्वतःला बजावतोय तोवर ती उभी राहिली.

"मी दारू पिते," ती म्हणाली. "घरात बाबांची बाटली असायची, तिथूनच सुरुवात झाली. बाटली कमी दिसली की बाबा आईवर ओरडायचे. तूच मोरीत ओततेस म्हणायचे. एकदा तर दंडाला धरून तिला दाराबाहेर काढलं. मी आतच होते. माझ्या तोंडाला वास येत होता, म्हणून बाहेर आले नाही."



सलूनवाल्याच्या कानात बायकोचा आवाज घुमला. "मी हात नाही हो लावला," असं ती दाराबाहेरून सांगत होती. सगळे शेजारी ऐकत होते. त्यानं कडी काढली नव्हती.

तो एकदम उठला. खुर्ची धाडकन मागे पडली. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनंही.

जिन्यापाशी तिनं त्याला गाठलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"माझ्या मागावर आलात?"

"नाही गं."

"मग इथं कशाला?"

इतक्या लांब येऊन अनोळखी माणसांना जे सांगायचं होतं, ते आता हिला सांगायचं.

"तू ज्यासाठी आलीस, त्यासाठीच."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आता रडेल, हात धरेल, असं त्याला वाटलं. तिनं हात धरला नाही.

"मग दुसरी शोधा, बाबा. ही माझी आहे."

"अगं, पण..."

"तुम्ही मागे बसलात तर मला खरं बोलता येणार नाही. किती ठिकाणी फिरले तेव्हा ही सापडलीय."

"मीपण फिरलो," तो म्हणाला, आणि आपण हे काय बोललो असं त्याला झालं.

ती परत निघाली. दाराशी थांबली. "शनिवारी बाजारामागच्या शाळेत एक असते. तिथं जाऊन बघा."

"तिथं माणसं कशी असतात?"

"तुमच्यासारखी."

त्यानं मान हलवली. कठडा घट्ट धरून तो एक पायरी उतरला, मग तिथूनच वर बघत त्यानं विचारलं, "आईला बाटलीचं... सांगायला हवं ना आपण?"

"मी प्यायले, ते मी सांगेन," ती म्हणाली. "दाराबाहेर कुणी काढलं, ते तिला माहीत आहे."