कोऱ्या पेशी

"मेल्या असतील," वेल्डर प्रयोगशाळेच्या दारातच म्हणाला. "माझ्याच त्या. दुसरं काय करणार?"

"आत तर चल आधी." त्याच्या ताईनं त्याला पाठीवर हात ठेवून पुढे लोटलं.

त्याचं गर्द सुटून वर्ष होत आलं होतं. व्यसनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बाईंनी त्याच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली होती. तिच्यातल्या पेशी मुळापासून नव्यानं घडवून त्यांच्यातून मेंदूच्या पेशी वाढवायच्या होत्या. दोनदा त्या वाढता वाढता मेल्या. आज बाईंनी फोन करून नुसतं "या" म्हटलं होतं.

बाई हसत होत्या. "जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, फोफावल्यात."

वेल्डर खुर्चीच्या कडेवर टेकला. काचेच्या बशीतल्या गुलाबी पाण्याकडे बघत राहिला.

"यांना गर्दची आठवण असेल?"

"कुठली? हा मेंदू नाही, नुसत्या पेशी आहेत. अगदी कोऱ्या."

"आणि आता तुम्ही यांना पाजणार."

"अर्ध्यांना," बाई सरळच म्हणाल्या. "गर्द नेमकं काय बिघडवतं ते कळलं, तर त्यावर औषध शोधता येईल. उरलेल्या अर्ध्यांना काही द्यायचं नाही. तुमची ना असेल तर थांबते."

तो दंडावरचा वण चोळत राहिला.

"द्या. कुणाच्या तरी कामी येतील. पण ज्यांना देणार नाही ना, त्या दाखवा मला."

बाईंनी बाजूची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्यानं डोळा लावला. मग त्याचे खांदे गदगदू लागले. ताई धास्तावून जवळ आली, तर हा हसत होता.

"अगं ताई, काय पसरल्यात! पाय ठेवायला जागा नाही."

ताईनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. पातळ, चमकते धागे वाट फुटेल तिकडे निघाले होते. मधोमध दोन धागे एकमेकांच्या रोखानं आले होते, पण जरासं अंतर उरलं होतं.

"हे दोघं भेटतील का हो?"

"बहुतेक. पण संध्याकाळ होईल."

"सरक की, मला बघू दे," वेल्डर म्हणाला.

ताईनं डोळा न हलवता पायानंच स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"होऊ दे संध्याकाळ. याची वाट बघायची सवय आहे मला."