नागपूरची आत्या

“डिलिव्हरी दसऱ्यालाच ना, सर?” सेल्समन निलेशने विचारलं. “हार, नारळ, भटजी, सगळं आमच्याकडून. फोटोपण काढतो आम्ही.”

“हो, दसऱ्यालाच,” किरण म्हणाला.

मुलुंडच्या त्या शोरूममध्ये दोन इलेक्ट्रिक गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पांढरी, एक करडी. दोन्ही ऐसपैस, आणि किमतीत म्हणावा असा फरक नाहीच. पांढरीला काचेचं छत होतं. करडीची मागची सीट बेताच्या उंचीची, म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर हात न टेकता बसता येईल अशी. किरणच्या बायकोचं, सपनाचं, मत छताला होतं. किरणचं मत रोज बदलत होतं. शेवटी घोळ मिटवायला तो आज वडिलांनाच घेऊन आला होता.

“दसऱ्याला मी नसतो,” अण्णा म्हणाले. “मी नागपूरला असतो.”

निलेशने टॅबवरून मान वर केली. दसऱ्याला नागपूरला कोण जातं आणि कशाला जातं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणूनच किरण घाईघाईने बोलून गेला, “माझी आत्या राहते तिकडे.”

अण्णांना बहीण नव्हती.

टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी त्यांनी साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना खणखणीत ‘जय भीम’ करत काढली होती. नाहूरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आल्यावर किरणने त्यांना एवढंच सांगितलं होतं, “अण्णा, लिफ्टमध्ये नको ना.” आपण बौद्ध आहोत हे टॉवरमध्ये त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. विचारत नाहीत तर आपण होऊन कशाला सांगा, असं तो स्वतःला समजावत असे.

आधी करडी बाहेर काढली. किरण चालवायला, शेजारी निलेश, मागे अण्णा. भांडुपपर्यंत जाऊन वळायचं होतं. सिग्नलला गाडी थांबली तसा निलेश मागे वळला.

“काका, दीक्षाभूमीलाच ना?”

“मग! एक वर्ष चुकवलं नाही. तुझं गाव कुठलं रे?”

“मेहकरकडचा मी. इंगळे.” त्याच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर नुसतंच ‘निलेश’ लिहिलेलं होतं.

“तुझं होतं का जाणं?”

“कुठलं, काका! दसऱ्याला आम्हाला सुट्टीच नाही. सगळ्यांना त्याच दिवशी गाडी पाहिजे असते. आई जाते गावातल्या बायकांबरोबर. तिथल्या गर्दीतून मला व्हिडिओ कॉल लावते, आणि मी इथे कस्टमरचा नारळ हातात घेऊन उभा!” तो हसला. अण्णा हसले नाहीत.

“जय भीम, पोरा.”

“जय भीम, काका.”

पेट्रोलची गाडी असती तर निदान इंजिनाची घरघर तरी मध्ये आली असती. इथे शब्द न शब्द किरणच्या कानावर पडला. सिग्नल कधी सुटला ते त्याला कळलं नाही, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारून कळवलं. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण ज्याच्यापासून लपायला ते बोललो तो आपल्यातलाच निघाला, ही जास्त झोंबली. आणि त्याने आत्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढला असता, एखादा टोमणा मारला असता, तर किरणला जरा बरं वाटलं असतं.

“सीट झकास आहे रे,” अण्णा मागून म्हणाले. “हीच घे.”

शोरूममध्ये परतल्यावर मॅनेजर स्वतः पुढे आला. “काय सर, ठरलं ना? दसरा लॉक करू?”

निलेश टॅब घेऊन बाजूला उभा राहिला. येताना किरणने मनाशी एक वाक्य जुळवलं होतं. दसऱ्याला नको, त्या दिवशी आम्ही दीक्षाभूमीला असतो. त्यातला पहिला तुकडा तर व्यवस्थित बाहेर पडला.

“दसऱ्याला नको.”

“का हो, सर? एवढा साडेतीन मुहूर्तांतला एक!”

मॅनेजर हसऱ्या तोंडाने उत्तराची वाट बघत होता. पलीकडे सोफ्यावर एक कुटुंब कॉफी पीत बसलं होतं. ओळखीचं ना पाळखीचं. तरी किरणने आधी तिकडे पाहिलं, आणि तिथेच त्याचा धीर सुटला.

“त्या दिवशी... आत्याकडे जायचंय. नागपूरला.”

टॅबवरचं निलेशचं बोट थांबलं. मग त्याने खाली मान घालून तारीख बदलली.

“काही हरकत नाही, पाडव्याला देऊ,” मॅनेजर म्हणाला. “आणि गाडी? करडीच ना? काकांना फार आवडली म्हणतोय निलेश.”

“पांढरी,” किरण म्हणाला. त्या करडीत पुन्हा बसणं आता त्याला जमणार नव्हतं.

मॅनेजरने त्याच्याशी हात मिळवला, मग वाकून अण्णांना नमस्कार केला. “काका, नागपूरला जाल तेव्हा तुमच्या बहिणीला आमचाही नमस्कार सांगा हं.”

अण्णांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. किरणची मान खाली होती.

“सांगतो,” ते म्हणाले.