नाचणीचं प्रमाणपत्र

वेल्ह्याच्या नाचणी लागवड शिबिरात मंगलचा पहिला नंबर आला. पंचावन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं प्रमाणपत्र घेऊन ती धावत घरी आली नि तिनं ते सासूपुढं धरलं. चाळीस वर्षं "हिला रोपं लावता येत न्हाईत" असं गावभर सांगणाऱ्या लीलाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, काठी उचलली आणि थेट शिबिराचा मांडव गाठला. मंगल घाबरून त्यांच्या मागोमाग धावली.

"चार दिसांत हिला शिकवलं कुणी?" लीलाबाई कडाडल्या.

"मी शिकवलं, आजी," शिबिर घेणाऱ्या माधुरीमॅडम चाचरत म्हणाल्या.

लीलाबाईंनी खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं.

"मग माझं बी नाव लिवा. मला चाळीस वर्सांत शिकवाया जमलं न्हाई. धाकट्या सुनेला शिकवायचं अजून ऱ्हायलंय."