कारखान्यातून निघाली तशी

"गाडीच्या छपरावरची ही वारा वळवणारी पट्टी कंपनीचीच का रे?" क्लिफनं टाचा उंचावून विचारलं.

"कंपनीचीच. पण वेगळी मागवावी लागायची," वेंडल म्हणाला. "मागच्या काचेवर धूळ बसू नये म्हणून."

"आणि मागं तोंड करून बसायची ती शेवटची सीट?"

"तीही मागवलेली. वळताना लागणारे दिवे, स्टिअरिंग वर-खाली करायचा खटका, सगळं एकोणसत्तर साली कारखान्यातून निघताना होतं तेच आणि तसंच. आता हिच्यात परकं म्हणून काही उरलेलं नाही."

डोनटच्या दुकानामागचं मैदान शनिवारी सकाळी असल्या लांबलचक जुन्या स्टेशन वॅगन गाड्यांनी भरायचं. घडीच्या खुर्च्या, कागदी पेल्यांतली कॉफी आणि तेच ते वाद. वेंडलचं मात्र आज वादात लक्ष नव्हतं. त्याचे डोळे रस्त्याकडे होते. लॉईड येतो म्हणाला होता.

ऑक्टोबरात बायकोला, अर्लीनला, पुरून आल्यावर लॉईडनं या गाडीची किल्ली वेंडलच्या हातात ठेवली होती. "तुझ्या गोठ्यात राहू दे. माझ्या दारात बघवत नाही," एवढंच म्हणाला, आणि मग मैदानाकडे फिरकलाच नाही. वेंडलनं धसका घेतला होता. कोलंबस शहरातला एक माणूस कधीपासून या गाडीवर टपून होता. उद्या लॉईडनं ती देऊन टाकली तर त्याला इथं यायला काय कारण उरणार? म्हणून सबंध हिवाळा, ओहायोच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, वेंडल गोठ्यात शेगडी लावून गाडीखाली आडवा होऊन काम करत होता. गाडी अशी करायची की लॉईडला मोह आवरताच येऊ नये!

लॉईड आला तो मुलाच्या ट्रकमधून. चांगलाच वाळला होता. सगळे खुर्च्यांवरून उठले.

"काय म्हातारबा, आज चक्क उशीर?" क्लिफ ओरडला. "एरवी तुझ्याआधी इथं चिटपाखरू यायचं नाही, आणि आम्ही सगळे गेल्याशिवाय तू हलायचा नाहीस!"

लॉईड कसंनुसं हसला. गाडीजवळ जाऊन त्यानं बाजूच्या लाकडासारख्या पट्ट्यावरून तळवा फिरवला.

"हे नवं चढवलंस?"

"मिशिगनमध्ये एकाकडे जुना साठा निघाला. अस्सल माल आहे."

"अर्लीनला ते फाटलेलं बघून भारी राग यायचा," लॉईड म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव आल्यासारखा वाटला. वेंडलनं क्लिफला हळूच कोपर मारलं. जमतंय!

लॉईड वळसा घालून पलीकडे गेला. चालवणाऱ्याच्या शेजारचं दार त्यानं उघडलं आणि आत हात घातला. पुढच्या काचेलगतच्या खांबाशी हात थांबला.

"इथली ती गोठ्याच्या दाराची मूठ ना? गेली एकदाची!" क्लिफ हसत सुटला. "काय ध्यान होतं ते! दर वर्षी विचारायचो, लॉईड, ही कंपनीच्या माहितीपत्रकात कुठल्या पानावर आहे रे? तर हा म्हणायचा, खास मागणी!"

सगळे हसले. वेंडलही हसला. आपल्या कामाचं कौतुक त्याला लपवता येईना.

"भोकं बुजवली, घासली, वर मूळचा रंग दिला. डोळ्यांत तेल घालून शोध, सापडायची नाहीत."

लॉईडचा अंगठा त्या खांबावरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"मूठ कुठाय?"

"ती? भंगारात दिली. का रे?"

लॉईडनं हात काढला नाही.

"अर्लीनसाठी बसवली होती. गुडघे गेले होते ना तिचे. त्या मुठीला धरून चढायची, उतरायची. वेळ लागायचा फार. कधी रडायचीसुद्धा. तुमच्यादेखत तसं उतरायला नको वाटायचं तिला."

बारा वर्षं वेंडल या मैदानात येत होता. आला की अर्लीन खुर्चीत बसलेलीच असायची, केस नीट बसवलेले, मांडीवर केकचा डबा. तो निघायचा तेव्हाही ती तिथंच बसून हात हलवायची. तिला उभी राहिलेली त्यानं एकदाही पाहिली नव्हती. आणि लॉईड सगळ्यांआधी का येतो, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. नुसती थट्टा केली होती.

"लॉईड, अरे, मला... मी तसलीच दुसरी आणतो. आजच आणतो. पुन्हा भोकं पाडू, त्यात काय—"

"छे, छे. वेडा आहेस का?" लॉईडनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार सुंदर काम केलंस. जीव ओतलायस. इथं काही होतं असं वाटतसुद्धा नाही."

त्यानं दार लोटलं. पूर्वी ते दोनदा आपटावं लागायचं. आता एका बोटानं लागलं.

"क्लिफ, तुझा तो कोलंबसवाला अजून घेईल का रे ही?"

"घेईल की. उडी मारून घेईल." क्लिफ चाचरला. "पण तू तर म्हणायचास, मेलो तरी विकणार नाही."

"तेव्हा विकवत नव्हती," लॉईड म्हणाला. "आता विकवेल."